तक्रार हाताची, तपासणी मांडीची

बंगळुरूच्या कोरमंगलातल्या त्या सेंटरमध्ये सोनोग्राफी करणाऱ्या बाईंचं नाव मी विचारलं नाही, कारण मी भांडत होतो. माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हातातली ताकद जात होती. एका डॉक्टरने मानेला पट्टा दिला, दुसऱ्याने मनगटाचं ऑपरेशन केलं, आणि वर्ष वाया गेलं. आता नव्या डॉक्टरांना स्नायू झिजवणाऱ्या मोटर न्यूरॉनच्या आजाराची शंका होती, म्हणून त्यांनी स्नायूंची सोनोग्राफी सांगितली होती.

हात बघून झाल्यावर बाईंनी मांडीला जेल लावलं.

"मांडी कशाला? तक्रार हाताची आहे. बिल फुगवताय?"

"बिल तेवढंच, अण्णा. हा आजार असला तर एका हातात राहत नाही. स्वल्प गप्प बसा."

बोलण्यात कानडी मिसळत होतं; बाई इथल्याच जुन्या मराठी घरातल्या असाव्यात. त्यांनी प्रोब मांडीवर टेकवला आणि हलवलाच नाही. अर्धं मिनिट त्या नुसत्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्या धडधाकट मांडीतला स्नायू आपोआप उडाला. थोड्या वेळाने पुन्हा, दुसऱ्या जागी.

"दादा, मी काही हलवलं नाही," भाऊ म्हणाला.

"हे आधी कुणालाच कसं दिसलं नाही?" मी ओरडलो.

"डॉक्टरांना हेच उडणं बघायचं होतं. पण तक्रार असते तिथंच सगळे बघतात," जेल पुसत त्या म्हणाल्या.

माझा ग्रॅनाइटचा धंदा. लादीच्या एका कोपऱ्याला तडा दिसला, की चारही कोपरे ठोकल्याशिवाय मी किमतीचं बोलत नाही. एवढं शिकलेल्या त्या आधीच्या दोघा डॉक्टरांना हे सुचू नये? एकदा तरी त्याला पायजमा वर करायला सांगायचं होतं. अर्धं मिनिट लागलं असतं.