नाल्यापलीकडची ड्यूटी

माझी शेवटची पोस्टिंग डोंगरातली. जागेचं नाव सांगणार नाही. न सांगायची सवय आहे. आमची ॲनिमल ट्रान्सपोर्ट कंपनी, म्हणजे खेचरांची. जिथं गाडीचा रस्ता संपतो तिथून पुढं पीठ, रॉकेल, बॅटऱ्या खेचरांच्या पाठीवर जातात. खेचराचा लगाम धरून चालणाऱ्या जवानालाही सैन्यात ड्रायव्हरच म्हणतात. गावी हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. खरारा, पाणी, दाणा, खुरांची तपासणी. प्रत्येक खेचराची बादली वेगळी, दाण्याचा तोबरा वेगळा, ब्रश वेगळा. एकाचा तोबरा दुसऱ्याच्या तोंडाला बांधला तर शिक्षा ठरलेली, आणि मी हवालदार, म्हणजे शिक्षा देणारा मीच. सुरुवातीला मलाही हे लाडच वाटायचे. आमच्या घरी एकच हौद होता आणि सगळी जनावरं त्यातच तोंड घालायची.

त्या वर्षी बर्फानं खिंड बंद व्हायच्या आधी खालून नवी खेचरं आली. नियम असा की नवं जनावर आधी तळाजवळच्या नाल्यापलीकडे वेगळं बांधायचं आणि त्यांच्यासोबत जो राहील त्यानं अलीकडे यायचं नाही. व्हेटर्नरी कॅप्टनसाहेबांनी फॉलइनमध्ये, सगळे रांगेत उभे असताना, विचारलं, "कौन जाएगा?"

नाईक मिलिंद पुढे झाला. जामखेड तालुक्यातला, बौद्ध घरातला. कंपनीत नगर जिल्ह्याचे आम्ही दोघंच, त्यामुळे चेष्टामस्करीचा हक्क होता. मी म्हणालो, "मिल्या, तुला वाळीत टाकला बघ आता."

तो हसला नाही. म्हणाला, "माझ्या आज्याला गावानं वेशीभाईर ठिवला, तवा त्येला कुनी इचारलं न्हवतं साहेब. मला इचारलं, मी व्हय म्हनलो. ही वाळीत न्हाई, ड्यूटी हाय."

तो बिस्तरा उचलून नाला ओलांडून गेला.

आठवड्याच्या आत पलीकडच्या दोन खेचरांच्या घशाखाली गाठी आल्या. नाकातून पू वाहू लागला. संध्याकाळी वायरलेसवर मिलिंदचा रिपोर्ट यायचा.

"बेस, दोन खेचरं डाऊन. बाकी ओके. ओव्हर."

"काही पाहिजे? ओव्हर."

"चहा. साखर जादा. ओव्हर."

नाल्यातल्या एका दगडावर त्याचा मग असायचा. मगाला हात न लावता मी किटलीतून वरून ओतायचो. असं वरून ओतताना मला त्याचा आजा आठवायचा आणि मी किटली सरळ करायचो. पलीकडून मिलिंद ओरडायचा, "वता की साहेब! साखर खाली बसतीया!"

रोग नाला ओलांडून अलीकडे आला नाही. अलीकडची खेचरं शाबूत राहिली म्हणून वरच्या पोस्टचं हिवाळ्याचं रेशन वेळेत चढलं. पलीकडची आजारीही हळूहळू उठली. वरच्या पोरांनी तो हिवाळा पोटभर जेवून काढला.

पेन्शन घेऊन मी तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवर आलो. ओढ्याच्या अलीकडे माझा गोठा, पलीकडे थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा. मी फौजी खाक्यानं फाटकात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टाकलं. येणाऱ्यानं त्यावर पाय देऊन आत यायचं. वस्तीनं त्याला 'हवालदाराचं पायपुसणं' असं नाव ठेवलं.

मध्यंतरी दादानं बाजारातून गाय आणली. काळीबांडी, भरल्या कासेची. आमच्याकडे नवी गाय दारात आली की सवाष्णी तिच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात, खुरांना हात लावून पाया पडतात. वस्तीतल्या सगळ्या बाया पूजा करून गेल्या आणि तशाच आपापल्या घरी धारा काढायला बसल्या. माझी बायको नंदाही गेली होती. मी पाथर्डीहून आलो तर ही रिकामं ताट घेऊन परत येताना दिसली. मी तिला फाटकातच थांबवलं, हातपाय सोड्याच्या पाण्यानं धुवायला लावले आणि साडी उकळत्या पाण्यात टाकायला सांगितली.

ती म्हणाली, "म्या गाईची पूजा करून आले का मसनातनं आले?"

मी ओढ्याच्या काठावर जाऊन दादाला हाक मारली. "दादा, तिला पंधरा दिवस त्या लिंबाखाली एकटी बांध."

"घरात लक्ष्मी आली आन तिला वाळीत टाकू व्हय रं?" दादा म्हणाला आणि गाय नेऊन गोठ्यात, त्याच्या जुन्या तांबड्या गाईच्या, तांबडीच्या शेजारी बांधली.

चार दिवसांत काळीबांडीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या. ती पाय झाडत होती. मग तांबडीनं चारा सोडला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम आल्या, जीभ पाहिली, खुरांमधले फोड पाहिले. लाळ्या खुरकूत. म्हणाल्या, "मोठी जनावरं उठतील. वासराचं सांगता येत नाही. या गोठ्यातला माणूस दुसऱ्या गोठ्यात जाता कामा नये. दूध डेअरीला घालू नका."

तांबडीची कालवड, चंद्री, अजून पिती होती. वहिनी तिला लेकीसारखी जपायची.

आता खरी पंचाईत झाली. आमच्याकडे कुणाचं जनावर पडलं की सगळी वस्ती बघायला जाते. पाठीवर हात फिरवायचा, जबडा उघडून बघायचा, हळहळायचं. न जाणं म्हणजे मयताला न जाण्यासारखं. हीच माया रोग घरोघर पोचवते. मी दादाच्या वाटेवर दोर बांधला आणि आडवा उभा राहिलो. लोकांनी तोंडावर शिव्या दिल्या, पण मागे फिरले.

दादा ओढ्यापलीकडून ओरडला, "भावाची जनावरं पडली आन तू काठावरनं बघतूस? फौजेत हेच शिकला व्हय?"

मला फार लागलं. दादाचा गुडघा कामातून गेलेला, पोरगा नोकरीला पुण्याला. तो आणि वहिनी, दोघांनी पडलेली गाय उठवायची कशी? आणि मी दोर धरून उभा. तेव्हा मला नालाच आठवला. मिलिंद अलीकडे थांबला नव्हता. तो गेला होता आणि रोग हटेपर्यंत परत आला नव्हता.

मी नंदाला सांगितलं, "आजपासून धारा, शेण, सगळं तुझं. मी पलीकडं चाललो. रोग संपेपर्यंत येणार नाही."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "भाकरी दगडावर ठिवीन," म्हणाली.

पलीकडे मग ड्यूटी लागली. तुरटीच्या पाण्यानं तोंडं धुवायची, खुरं धुऊन मलम भरायचं, मऊ चारा हातानं भरवायचा. चंद्रीला आईपासून वेगळी बांधली, पण उशीर झाला होता. एका सकाळी वहिनी तिला उकळून निववलेलं दूध पाजत होती. चंद्री दोन घोट प्याली आणि उभ्याउभ्याच कोसळली. वहिनीनं हंबरडा फोडला. दादानं आणि मी ओढ्यापासून लांब खोल खड्डा घेतला, चुना टाकला, मीठ टाकलं. कुणी बघायला आलं नाही, कारण मीच येऊ दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी नंदाचा फोन आला, मी स्पीकर लावला.

"तुझ्याकडं कसं?" मी विचारलं.

"समदं ओके. ती लाळ न्हाई, लंगडनं न्हाई. वस्तीतबी कुठं न्हाई. पूजंच्या दिवशी वाचलो ते नशीब." थोडं थांबून म्हणाली, "ओवर का काय म्हनत्यात ते."

खूप दिवसांनी दादा हसला आणि हसता हसता रडला. मग मी त्याला मिलिंदच्या नाल्याची गोष्ट सांगितली. वाळीत आणि ड्यूटी यातला फरक सांगितला. दादा ऐकत राहिला. काळीबांडी आणि तांबडी उठल्या. रोग ओढा ओलांडून गेला नाही.

यंदा दादानं पुन्हा एक गाय आणली. टेम्पोतून उतरवली ती थेट बांधावरच्या लिंबाखाली. बाया ताटं घेऊन आल्या, तर हा काठी आडवी धरून उभा. एकजण म्हणाली, "अवो, नव्या लक्ष्मीला वाळीत टाकलं व्हय?"

"वाळीत न्हाई," दादा म्हणाला, "ड्यूटी हाय. पंधरा दिसांनी या, मी सोता पानी घालतो पायावर."

बाया गेल्या. आम्ही दोघं बांधावर बसलो. दादा म्हणाला, "तुजा त्यो जामखेडचा दोस्त. त्येला एकदा वस्तीवर घिऊन ये की. तिसऱ्या तालुक्यात तर हाय. गोड च्या पाजू."

मी त्याला नाल्याची गोष्ट सांगितली होती. पुढची सांगितली नव्हती, ती आता सांगितली.

रेशनची शेवटची फेरी वर पोचवून परतताना खिंडीखाली बर्फ सरकलं. मिलिंद सगळ्यात मागे होता. नाल्यापलीकडे त्यानंच बरं केलेल्या खेचराचा लगाम धरून चालत होता. मी वायरलेसवर बोलावत राहिलो. "मिलिंद, रिपोर्ट. ओव्हर." पलीकडून नुसती खरखर. बर्फ वितळल्यावर दोघं सापडले. लगाम त्याच्या हाताला गुंडाळलेलाच होता.

दादानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग तो उठला, घरातून चहाचा गडू आणि तीन कप घेऊन आला, आणि तिसऱ्या कपात साखर जादा घातली.