तीन उद्गारचिन्हं

आमच्या उमरेडच्या घरी उद्गारचिन्हाला भारी मान. बाबा दुकानांचे बोर्ड रंगवत, पुढे फ्लेक्सही करू लागले. गल्लीतल्या पोराच्या वाढदिवसाला एक चिन्ह, सरपंचाला दोन, आमदाराला तीन. श्रद्धांजलीच्या फलकावरही ते एक देतच. नाही दिलं तर गिऱ्हाईक म्हणायचं, "खाली-खाली वाटते गा." मी त्या दुकानातच वाढले.

त्यामुळे नागपुरात सूत विकणाऱ्या एका कंपनीत लागले तेव्हा माझ्या इंग्रजी पत्रांतून आदर नुसता उतू जात होता. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती, काम पटलं तर कायम. पाचव्या महिन्यात बुटीबोरीच्या कारखान्यातून माल उशिरा निघाला आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला मी माफीचं पत्र धाडलं. माल उशिरा येईल, तीन चिन्हं. आम्ही दिलगीर आहोत, तीन चिन्हं. आपण समजून घ्याल, तीन चिन्हं. त्याला वाटलं, आम्ही त्याच्यावर ओरडतोय, नाहीतर त्याची थट्टा करतोय. त्यानं पुढची ऑर्डरच थांबवली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा, आता मुकाट्यानं उमरेडची एसटी धरायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पत्रव्यवहार बघणाऱ्या मॅडमही तिथे बसल्या होत्या. निवृत्तीला आलेल्या, तुसड्या बोलण्याच्या. मी त्यांना टरकून असे. त्यांनी माझंच पत्र माझ्या हातात दिलं.

"वाच. जिथं चिन्ह हाये तिथं ओरड."

मी वाचलं. तिसऱ्या वाक्याला बाहेरचे लोक दारात येऊन उभे राहिले.

"माफी मागून राहिली का भांडून राहिली वं?" मॅडम म्हणाल्या. "काहून देल्ले एवढे?"

मी रडत रडत बाबांच्या दुकानाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. तिथूनच त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला आणि सांगितलं, आमच्याकडे हे चिन्ह म्हणजे हात जोडणं असतं. या मुलीनं तुम्हाला नऊदा हात जोडलेत. पलीकडचा माणूस हसला. ऑर्डर राहिली, आणि मीही राहिले.

उरलेला महिनाभर त्यांनी माझं एकूण एक पत्र तपासलं. इंग्रजीत शब्द नीट निवडला की तोच पुरे होतो, चिन्ह वर्षाकाठी एखादं लागतं, असं त्या म्हणत. त्यांच्या स्वतःच्या पत्रांत तर मला एकही कधी दिसलं नाही. त्यांनी माझ्यासाठी जेवढं केलं तेवढं करायचं त्यांना काही कारण नव्हतं, हे मी अजून विसरलेले नाही.

मी कायम झाल्याचं पत्र त्यांनीच टाइप केलं. चार कोरड्या ओळी. शेवटी अभिनंदनाचा एक शब्द, आणि त्यापुढे पेनानं काढलेली तीन उद्गारचिन्हं.

बाबांना इंग्रजी अक्षरं रंगवता येतात, वाचता येत नाहीत. त्यांनी पत्र उजेडात धरलं आणि त्या चिन्हांवरून बोट फिरवलं.

"तीन?" ते म्हणाले. "तुले?"

मग ब्रश धुवायचे आहेत म्हणून ते दुकानामागे गेले. ब्रश टेबलावरच होते.