भेग पडलीय, आत झोपू का?

आमच्या धंद्यात चांगलं घर दाखवायला कुणी बोलवत नाही. वास्तुशांतीला सगळं गाव जेवून जातं, आणि भिंतीला तडा गेला की मग आमची आठवण होते! मी कराडचा स्ट्रक्चरल इंजिनिअर. सोबत असतात शौकतभाई, बांधकामाचे ठेकेदार आणि माझे जुने दोस्त. सातारा-सांगलीत दोघं भेगा बघत फिरतो. समोरच्या माणसाला भेगेचं शास्त्र नको असतं, त्याचा एकच प्रश्न असतो, "सायेब, आत झोपू का नगं?" उत्तर चुकलं तर माणसांच्या जिवाशी गाठ. तसा माझा अंदाज सहसा चुकत नाही. हे मीच सांगतोय, कारण शौकतभाई कधी सांगणार नाहीत! किस्से मात्र साठत जातात, आणि सिमेंटच्या पोत्यासारखे वेळेत मोकळे केले नाहीत तर घट्ट होऊन बसतात.

*

आटपाडीचा बंगला. भर उन्हाळ्यात स्लॅब टाकायचा, आणि मालकांनी मुहूर्त काढला टळटळीत दुपारचा. माळावरचा वारा नुसता भणाणत होता. संध्याकाळपर्यंत स्लॅबवर आटलेल्या तळ्यासारखं जाळं उमटलं. मालकांनी लगेच लिंबू-मिरची आणली. "दृष्ट लागली हो!"

"लागली खरी, पण वाऱ्याची," शौकतभाई म्हणाले. काँक्रीट घट्ट व्हायच्या आत वरचं पाणी वाऱ्यानं पळवलं की वरची साय आक्रसते आणि फाटते. स्लॅबला धोका नव्हता. भेगा भरून घेतल्या, वर मातीचे बांध घालून पाणी साठवलं.

"म्होरला स्लॅब कवा टाकायचा मग?" मालकांनी विचारलं.

"पहाटे. वारा उठायच्या आत."

"पंचांगात पहाटेचा मुहूर्त न्हाई."

"मग पंचांग वाऱ्याला दाखवा!"

*

इस्लामपूरजवळ बापूंचं घर, काळ्या जमिनीत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालेली. उन्हाळ्यात बोट जाईल एवढी उघडायची, पावसाळ्यात मिटायची. बापूंना वाटलं, भेग आपली आपण बरी होते! मी समजावलं, काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि घर तिच्यावर खालीवर होतं. त्यात उसाचं पाटपाणी थेट भिंतीला भिडलेलं, म्हणजे एक बाजू ओली, दुसरी कोरडी.

"बापू, घराभोवती फरशी करा, आणि ऊस जरा लांब न्या."

बापूंनी उसाकडं बघितलं, घराकडं बघितलं.

"आवं सायेब, घरच सरकतंय का बघा की!"

*

विट्यात एका ताईंचं ब्यूटी पार्लर आहे, वर राहायची खोली. खांबाला वरून खालपर्यंत सरळ उभी भेग, कडेला तांबूस डाग. ताईंनी दरवर्षी पुट्टी भरून वर झकास गुलाबी रंग दिलेला. अशी भेग मला सगळ्यात वाईट वाटते. आत सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. मी म्हणालो, "ताई, वरून कितीही लावा, दुखणं आत आहे. खांब सोलून सळई साफ करावी लागेल. तोवर वरच्या खोलीत झोपू नका."

ताईंनी कपाळावर हात मारला. "मी पन गिऱ्हाइकांस्नी रोज ह्येच सांगती. एक ऐकंल तर शप्पत!"

*

एका एसटी ड्रायव्हरनं रात्रभर झोप नाही म्हणून फोन केला. हॉलच्या भिंतीवर भेग. मी म्हणालो, "शेजारी रुपया धरून फोटो पाठवा, म्हणजे रुंदी कळेल." फोटो आला. रुपया कणकेनं भिंतीला चिकटवलेला, त्यावर हळद-कुंकू आणि वर जास्वंदीचं फूल! फुलाखाली भेग शोधायला मलाच चष्मा लागला. केसाएवढी होती. प्लास्टर वाळताना आक्रसलेलं, बाकी काही नाही.

"खुशाल झोपा!" मी म्हणालो.

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "बघा! पावला का न्हाई?"

*

आता कोयनेकडचा. कोयनानगरच्या अलीकडं चढावर फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदारसाहेब राहतात. त्या भागात कुठलीही भेग भूकंपाच्या नावावर खपते. पण ही भेग त्यांनी उतारावर भराव टाकून काढलेल्या नव्या खोलीत होती, दाराच्या वर भिंतीत तिरकी. भराव अजून दबतोय की बसला, एवढाच प्रश्न होता. मुलगी बाळंतपणाला यायची होती आणि तिला हीच खोली द्यायची होती.

मी भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. भेग हलली की काच तडकते. काच शाबूत राहिली तर भेग थांबली म्हणायची. पट्टीवर मार्करनं तारीख लिहिली आणि हवालदारांना बजावलं, "याला धक्का लागता कामा नये. मी पावसाळ्यानंतर येऊन बघेन."

हवालदारांनी टाचा जुळवल्या. "सायेब, जबाबदारी माजी!"

पावसाळा सरल्यावर शौकतभाईंना घेऊन गेलो. काच शाबूत, तारीख ठळक. मला मनापासून आनंद झाला. दाराला लागूनच, भेगेखाली कॉटवर लेक पडली होती, दिवस भरलेले. कालच आली होती.

"झोपा ताई निवांत," मी म्हणालो. "भराव बसलाय. काच बोलते, मी नाही!"

हवालदारीणबाईंनी चहा आणला. मी हवालदारांची पाठ थोपटली. "मानलं तुम्हाला. एवढ्या पावसात काच जपलीत."

हवालदारांची छाती फुगली. "आवं, जपली म्हंजे काय! पैली फुटली तवा त्याच दिवशी पाटणला जाऊन तशीच कापून आणली. मग ती बी फुटली, पुन्यांदा आणली. तारीख बी हुबेहूब तुमच्या वळणाची काढली. फौजंत आमाला एकच शिकवलंय, इन्स्पेक्शनला सायेब यायच्या आत सामान पुरं पायजे!"

शौकतभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी कप खाली ठेवला आणि कॉटचं एक टोक धरलं.

"हवालदारसाहेब, तिकडनं उचला! ताई, तुम्ही उठू नका."