पुतळाबाई आठवणीनं देते

सणासुदीला कुणाला काय द्यावं असा प्रश्न पडला की खाडीकाठच्या सारसोळे गावातल्या बाया पुतळाबाईकडं जात. शाळेतल्या बाईंना काय द्यावं, नव्या जावयाच्या आईला काय द्यावं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीशी नुसती तोंडओळख आहे तर तिला काय द्यावं. पुतळा जराही विचार न करता सांगायची. त्या बाई खडूनं शिंकतात, त्यांना मऊ रुमाल द्या. जावयाची आई पान खाते, तिला छोटा अडकित्ता द्या, महिनाभर तुमचं नाव काढील. मोठी वस्तू मानूस विसरतो, लहान पन नेमकी वस्तू विसरत नाय, असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं.

ही नजर तिला मासळीच्या पाटीनं दिली होती. लग्न होऊन दिवाळे गावाहून सारसोळ्यात आली तेव्हापासून ती डोक्यावर पाटी घेऊन नेरूळच्या सेक्टरांतून दारोदार हिंडली होती. दार उघडणाऱ्या बाईच्या तोंडाकडं बघून तिला कळायचं की हिच्याकडं आज पाहुणे आहेत, हिचं नवऱ्याशी वाजलंय, ही भाव करणार आणि घेणार नाही. पुढं नवऱ्याला, पंढरीला, गेलेल्या शेतीच्या बदल्यात भूखंड मिळाला, त्यावर चार मजली इमारत उभी राहिली, पाटी सुटली. नजर मात्र राहिली आणि तिला काही काम उरलं नाही.

म्हणून पुतळा भेटी देऊ लागली. दिवाळीला, गौरीला, संक्रांतीला चकचकीत कागदात बांधलेली छोटी छोटी पुडकी घेऊन ती स्वतः दारोदार जायची, पूर्वी पाटी घेऊन जायची तशीच. घेणारा माणूस कागद सोडायचा, हसायचा, आणि हसता हसता त्याचा चेहरा मध्येच थांबायचा. पुतळा त्या क्षणासाठी उभी असायची.

तिच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर साताऱ्याकडची शालन भाड्यानं राहायची, तिचा नवरा ज्योतिबा तुर्भ्याच्या बाजारात हमाली करायचा. त्यांचा इंद्रजित बारावीला नापास झाला त्या दिवाळीला पुतळानं त्याला सुरेख पेन दिलं, वर त्याचं नाव कोरून. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचा मुलगा भांडून वेगळा झाला, तर त्यांना दोनच कप दिले. सहा कशाला, आता तुमी दोघंच ना, असं वर प्रेमानं सांगितलं. स्वतःच्या सुनेला, उत्कर्षाला, बाळंतपणानंतर अंग सुटलं तेव्हा माप घ्यायची टेप दिली, फुलाफुलांच्या डबीत घालून. त्यानंतर मुलगा तेजस खारघरला राहायला गेला तो फक्त गणपतीत यायचा. पण बोलणार कोण आणि काय? भेट होती. आठवणीनं दिलेली होती. गाव म्हणायचं, पुतळा कुणाला विसरत नाही.

एकट्या काशीला तिनं कधी असलं काही दिलं नाही.

काशी तिची जिवाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी सारसोळ्यात नव्या नवऱ्या म्हणून आल्या होत्या. ओहोटीला खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून दोघींनी मिळून शिंपल्यातले खुबे वेचले होते, एकीचा पाय कापला तर दुसरीनं पदर फाडून बांधला होता. पुतळाची इमारत झाली, काशीचं घर बैठंच राहिलं, तरी दुपार दोघींची एकच. जेवणं आटोपली की काशी पुतळाच्या ओट्यावर यायची, मध्ये कोलंबीचं घमेलं ठेवून दोघी सोलत बसायच्या. काशी बोलायची आणि पुतळा हसायची. पंढरी वारला तेव्हाही ही दुपार चुकली नाही. पुतळा त्या दुपारीवर जगत होती म्हटलं तरी चालेल.

काशीचा नवरा आधीच गेला होता, मग मुलगा ज्ञानूही गेला. पावसाळा उलटत होता, वारा अचानक फिरला आणि खाडीच्या तोंडाशी त्याची होडी उलटली. निळ्या रंगाची, पिवळा पट्टा असलेली ती 'मोतीलक्ष्मी' अख्ख्या गावाच्या ओळखीची होती. दुसऱ्या दिवशी तो सापडला. मागं बायको अरुणा आणि नुकती चालायला लागलेली उन्नती. अरुणानं तुर्भ्याच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम धरलं आणि पोरगी दिवसभर काशीकडं आली.

पोरगी बोलायला लागली तशी बाबा कुठाय म्हणून विचारू लागली. तेव्हा काशीनंच सांगितलं की बाबा दुबईला मोठ्या बोटीवर कामाला गेलाय, येताना बाहुली आणणार आहे. अरुणाला ते पटलं नव्हतं. कधीतरी सांगावंच लागेल, असं ती म्हणाली होती. पण काशी म्हणाली, जरा मोठी होऊ दे, मी सांगीन, माझ्या तोंडानं सांगीन. गावानंही ते पाळलं. गल्लीतल्या पोरांना आयांनी दम दिला. उन्नती पाच वर्षांची झाली, शाळेत जाऊ लागली, तरी विमान दिसलं की हात हलवायची.

आणि काशीची दुपार गेली. पोरीला शाळेतून आणायचं, भरवायचं, निजवायचं. पुतळानं बोलावणी पाठवली, तळलेले बोंबील पाठवले. तिलाही घेऊन ये म्हणाली. काशी एकदा आली तर सगळा वेळ पोरीच्या मागं धावण्यात गेला. पुतळा काहीतरी सांगत होती ते अर्धंच राहिलं. काशीच्या ते लक्षातही आलं नाही.

पंढरीच्या त्या वर्षीच्या श्राद्धाला पुतळानं काशीचं पान आपल्या शेजारी मांडलं होतं. काशी आली नाही. संध्याकाळी रस्त्यात भेटली तेव्हा तोंडभर हसून म्हणाली, "आज येता नाय आला गं. पोरीचा शाळेत नाच होता. मासोळी झालती, काय गोड दिसत होती."

पुतळा म्हणाली, बरं झालं गेलीस. घरी येऊन तिनं ते पान स्वतःच्या हातानं उचललं आणि गायीला घातलं. राग आला असता तर ती भांडली असती, आणि भांडणं त्या दोघींत शेकड्यानं झाली होती. हे वेगळं होतं. काशीच्या तोंडावर तिनं जे पाहिलं त्यात पुतळासाठी जागाच नव्हती.

नारळी पौर्णिमा जवळ आली. जेटीपाशी होड्या रंगवायचं काम सुरू झालं. तिथं एक म्हातारा सुतार उरलेल्या फळ्यांतून हातभर लांबीच्या खेळण्यातल्या होड्या करायचा. पुतळानं त्याला एक करायला सांगितली. निळी, वर पिवळा पट्टा. म्हाताऱ्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि होडी करून दिली, पण नाव घालायला नाही म्हणाला. हात कापतो म्हणाला. मग पुतळा नेरूळला गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवणाऱ्या माणसाकडं गेली. तो उत्तरेकडचा, त्याला नावाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं वळणदार अक्षरांत मोतीलक्ष्मी असं लिहून दिलं आणि खाली हौसेनं दोन मासेही काढले.

पौर्णिमेला सारं गाव जेटीवर होतं. बायांनी ठेवणीतली लुगडी काढली होती, डोक्यात वेण्या माळल्या होत्या, सोनेरी कागदानं मढवलेला नारळ पालखीतून वाजतगाजत येत होता. काशी आणि अरुणा पूजेच्या ताटाशी गुंतल्या होत्या. उन्नती बाजूला कठड्यापाशी उभी राहून मोठ्या होड्यांकडं बघत होती. पुतळानं तिच्यापाशी बसून पुडकं तिच्या हातात दिलं.

पोरीनं कागद ओरबाडून काढला. होडी बघून तिला इतका आनंद झाला की तिनं पुतळाच्या गळ्यात हात टाकले. पुतळाला क्षणभर वाटलं, एवढंच पुरे. पोरगी मऊ होती, तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, काशीच्या घरातला. मग पोरगी अक्षरं लावू लागली. "मो, ती... ही कोनाची होडी हाय, आजी?"

"तुझ्या बापाची अशीच होती," पुतळा म्हणाली. "बुडाली ती."

एवढंच. ती उठून लुगड्याच्या निऱ्या झटकत गर्दीत मिसळली आणि जिथून ताटाशी उभ्या असलेल्या दोघी दिसतील अशा जागी थांबली.

पोरगी होडी छातीशी धरून आईकडं धावली. वाजंत्री नेमकी तेवढ्यात थांबली होती, म्हणून आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं.

"आई, बाबाची होडी बुडाली? मग तो दुबईला कशात बसून गेला?"

अरुणा खाली बसली. हातातलं ताट तिरपं होऊन कुंकू सांडलं. काशीनं होडी पाहिली, तिचा रंग पाहिला, नाव तिला वाचता येत नव्हतं पण वाचायची गरज नव्हती. तिनं पोरीला जवळ ओढायला हात पुढं केला. पोरगी मागं सरली आणि म्हणाली, "तू बोललीस बोटीवर गेलाय."

नारळ खाडीत सोडला गेला. लोकांनी जयजयकार केला, पण तो नेहमीसारखा चढला नाही.

अरुणा भांडायला आली नाही. पुतळा चार दिवस तिची वाट बघत होती, उत्तरंही तयार ठेवली होती. पोरीनं खेळावं म्हणून दिली, तिच्या बापाची आठवण राहावी म्हणून दिली, यात माझं काय चुकलं. पण कुणी विचारायलाच आलं नाही. गल्लीतल्या पोरांना आता बंधन उरलं नव्हतं, त्यांनी उन्नतीला सगळं सांगितलं, बाप कसा सापडला, कुठं सापडला, कसा दिसत होता. पोरगी जेवेना. काशीच्या हातचा घास तर ती थुंकून टाकू लागली. आजी खोटं बोलते, असं ती सगळ्यांना सांगायची, शाळेच्या बाईंनाही.

अरुणाचा सगळा राग फिरून काशीवर गेला. वेळेवर सांगितलं असतं तर पोरगी आपल्या कुशीत रडली असती, असं ती म्हणाली. तुमी मला सांगू दिलं नाही, तुमच्यापायी तिनं ते सगळ्या गावासमोर ऐकलं. रविवारी खांदेश्वरहून अरुणाचा भाऊ टेम्पो घेऊन आला. सामान थोडंच होतं. उन्नती पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसली, होडी तिच्या हातात होती, ती कुणी काढून घ्यायला गेलं की किंचाळायची. काशी खिडकीला धरून उभी राहिली. अरुणा म्हणाली, "काही दिवस येऊ नका, आई. ती तुमचं नाव काढलं तरी कान झाकते."

पुतळा गच्चीवरून बघत होती. घर तोडावं असं तिच्या मनात नव्हतं, हे खरं. काशीला थोडं लागावं, तिच्या हसण्यात थोडी फट पडावी, एवढंच तिला हवं होतं. टेम्पो पाम बीच रस्त्याकडं वळला तसं काशीनं धरायला काही न उरलेला हात खाली घेतला. पुतळाला वाटलं आपल्याला आता वाईट वाटेल. ती वाट बघत राहिली. मग खाली जाऊन तिनं चहाला आलं ठेचलं. त्या रात्री तिला फार दिवसांनी चांगली झोप लागली.

काशी खांदेश्वरला जाऊन आली. दारातूनच परतली. फोनवर पोरगी येत नव्हती, अरुणा दोन शब्द बोलून ठेवून द्यायची, पुढं पुढं उचलेनाशी झाली. काशीनं सकाळचं मासळी विकायला जाणंही सोडलं. चूल पेटायची नाही तेव्हा पुतळा ताट पाठवायची, रोज न चुकता, काशीला आवडतं तसं आंबट कालवण घालून. लोक म्हणाले, बघा, वेळेला मैत्रीणच धावून येते. शालनसुद्धा म्हणाली, पुतळाकाकूंचं मन मोठं आहे. म्हणाली खरी, पण म्हणताना तिनं इंद्रजितकडं बघायचं टाळलं.

गणपती गेले, नवरात्र गेलं. एक दिवस जेवणं आटोपल्यावर काशी आपणहून आली आणि ओट्यावर तिच्या पूर्वीच्या जागी बसली. पुतळानं घमेलं मध्ये ठेवलं. काशीनं कोलंबी उचलली, सोलू लागली. पुतळानं गावातल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, कुणाचं लग्न ठरलं, कुठल्या भाडेकरूनं पाण्याचा नळ तोडला. पूर्वी काशी बोलायची आणि ती हसायची. आता तीच बोलत होती, आणि हसायलाही तीच होती.

असे बरेच दिवस गेल्यावर काशीनं एकदा मान वर न करता विचारलं, "तुला ठाऊक होता ना, पोरीला सांगितला नाय ते?"

"पोरीनं खेळावं म्हनून दिली, काशे."

काशीचे हात थांबले नाहीत. टरफलं एका बाजूला, मांस एका बाजूला, तिचा ढीग नेहमीसारखा नेटका होता.

"मी विचारला ते येगळं," ती म्हणाली.

पुतळानं घमेल्यातली उरलेली कोलंबी तिच्या बाजूला सारली. पुतळाला वाटलं ती आता उठून जाईल आणि परत येणार नाही. पण काशी घमेलं संपेपर्यंत बसली, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आली. तिच्या घरात भिंतीशी बोलण्यापलीकडं काही नव्हतं, आणि हे पुतळाला तिच्या तोंडाकडं बघून कळत होतं.

दिवाळीच्या आधी पुतळा चकचकीत कागद घेऊन आली आणि पुडकी बांधायला बसली. नव्या भाडेकरणीला काय द्यावं, गल्लीतल्या नव्या सुनेला काय द्यावं, हे ती काशीला मोठ्यानं सांगत होती. काशीनं दोऱ्याचं एक टोक धरून ठेवलं होतं. ऊन कलल्यावर पुतळानं तिच्यापुढं ताट सरकवलं. काशीनं भाकरी मोडली आणि ती जेवली.