कबड्डी म्हणत वाकवलेला गुडघा

खेळाडूंच्या ई-मेल गटातल्या मंडळींनो, टाइप करतेय सुमी, बोलतेय मी. सुमी म्हणजे माझी नात, आमच्या पनवेलची कबड्डीवाली. चढाईत पडली आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन करून नवं बसवलं, पण गुडघा काही वाकेना.

आज व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. पलंगावर पाय पसरून टाच मागे, अंगाकडे ओढायची होती. दुखलं की सुमी श्वास कोंडून थांबायची. बाई म्हणाल्या, "श्वास रोखलास की पाय आणखी ताठ होतो गं."

मी म्हटलं, "चढाईला कबड्डी कबड्डी करत जातेस, तसं म्हण की! जीभ तरी जाग्यावर हाय ना तुझी?"

माझ्याकडे रागाने बघत तिने सुरू केलं. पडल्यापासून तो शब्द तिने उच्चारला नव्हता. टाच सरकत सरकत कालच्यापेक्षा मागे आली. दम संपला आणि पोरगी रडायला लागली. "आजी, मी परत खेळेन का गं?"

एरवी मला सगळ्यांची थट्टा सुचते. तेव्हा नुसता तिचा हात धरून बसले.

तुमच्यापैकी कोणी अशा ऑपरेशननंतर मैदानात उतरलंय का? असेल तर तिला कळवा. मी "खेळशील" म्हटलं, तर ही टाइप करता करता म्हणते, "तू आजी आहेस, तू म्हणणारच."