हॅनाचं कोण करणार

इंग्रजीचे मास्तर 'डू' या क्रियापदाचा अर्थ 'करणे' एवढाच सांगून मोकळे होतात. इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नच्या गिरणी कामगारांच्या गल्लीत तेवढ्यावर भागत नसे. दाराची पायरी घासून तिच्या कडेला पांढरा दगड फिरवणं, याला तिथल्या बायका पायरी 'डू' करणं म्हणत. कोळसेवाल्याने वजनात काटा मारला, तर त्याने आपल्याला 'डू' केलं. हाडं शिणली, तरी तेच क्रियापद. एखादी बाई एकट्या म्हाताऱ्याचं जेवणखाण, धुणंभांडं बघायला लागली की ती त्याचं 'डू' करते. आपल्याकडे सून सासूचं करते, तसंच.

या क्रियापदाचा शेवटचा अर्थ मात्र हॅना शोरॉकच्या मालकीचा होता. 'हॅनाने त्याचं केलं' म्हणजे माणूस गेला, आणि हॅनाने त्याला आंघोळ घातली, डोळे मिटलेले राहावेत म्हणून त्यांवर पेन्या, म्हणजे तांब्याची जड नाणी ठेवली, पांढरे मोजे चढवले. गल्लीत कुणी गेलं की आधी हॅना, मग पाद्री. ती पैसे घेत नसे. चहा घेई, आणि तो पातळ असला तर तोंडावर सांगे.

महायुद्ध संपलं आणि रीत बदलली. शवपेट्या बनवणाऱ्यांची माणसं गाडी घेऊन येऊन हे सगळं करायला लागली. समोरच्या बर्था हिंडलची आई गेली तेव्हा बर्थाच्या जावयाने त्यांनाच बोलावलं. हॅना बाह्या सरसावून दारात उभी होती, ती तशीच आत गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. हॅनाला अपमान झोंबलाच, पण त्याहून एक भीती मनात घर करून बसली. नवरा, वॉल्टर, जाऊन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आपलं कोण करणार? त्या हातमोजेवाल्या परक्या पुरुषांच्या हाती अंग द्यायचं, या विचारानेच तिच्या अंगावर काटा येई.

एका हिवाळ्यात ती तापाने पडली. पेल्यात तीन बोटं आल्याचा काढा घेऊन झोपली ती उठलीच नाही. रस्त्याकडच्या खोलीचे पडदे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओढलेले राहिले. त्या गल्लीत दिवसा पडदे ओढलेले असले की घरात कुणीतरी गेलंय, याबद्दल कुणाला शंका येत नसे. आजूबाजूच्या घरांनी गेलेल्या माणसाचा मान म्हणून आपापले पडदे ओढले. पुरुष दारावरून जाताना टोपी काढू लागले.

हॅनाला जाग आली ती पापण्यांवर काहीतरी गार टेकल्याने. डोळे उघडताच दोन पेन्या घरंगळून उशीवर पडल्या. समोर बर्था, बाह्या दुमडलेल्या, शेजारी वाफाळतं घमेलं.

"आधी खिडकी उघडायची असते, बर्था," हॅना घोगऱ्या आवाजात म्हणाली. "जीव बाहेर कुठून जाणार?"

बर्था मटकन खुर्चीत बसली.

"बये, तू जिवंत आहेस."

"आहे ना. तुला कुणी पाठवलं?"

"कुणी कशाला पाठवायला हवं? जावई निघाला होता त्या गाडीवाल्यांना बोलवायला. म्हटलं, हॅनाला हात लावाल तर याद राखा. तिचं मी करणार."

हॅनाने तोंड भिंतीकडे वळवलं. बर्थाने पेन्या उचलून खिशात टाकल्या.

"त्या वेळीही मी त्याला आवरायला हवं होतं," ती म्हणाली. "आईचं तूच करायला हवं होतंस. चुकलं माझं."

बर्था उठली आणि फडकं घमेल्यात बुडवून पिळायला लागली.

"हे काय करतेस?"

"पाणी तापवलंय, फुकट कशाला घालवू? घामाने भिजलीयस. गप पड."

तिने हॅनाचा चेहरा पुसला. मग मान, कानांमागे, मग एकेक बोट. अख्खी गल्ली हॅनाच्या हाताखालून गेली होती, पण वॉल्टर गेल्यापासून तिच्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

"हलू नकोस," बर्था म्हणाली. "मेलेली माणसं बरी, निदान नीट पडून तरी राहतात."

हॅना रडता रडता हसली. बर्था आता पाय पुसत होती. हॅना तिच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली.

"बर्था, तू माझं करशील. पण मग तुझं कोण करणार गं?"

बर्थाने फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, बराच वेळ पिळत राहिली.

"म्हणून म्हणते," ती म्हणाली, "तू आधी बरी हो."