बर्फाच्या कारखान्याला डावी मार

आबांना ड्रायव्हर मंडळी ‘रिव्हर्स’ म्हणत. का, तर त्यांनी गाडी कधी रिव्हर्स घेतली नाही म्हणून. माल उतरवायला घेतली असेल, ती सगळ्यांनाच घ्यावी लागते; पण रस्ता चुकला म्हणून ट्रक मागे घ्यायची पाळी त्यांच्यावर उभ्या आयुष्यात आली नव्हती. या लोकांची नावं ठेवायची तऱ्हाच उलटी. पैलवान म्हणायचे तो अंगाने छत्रीच्या काडीसारखा, आणि मुका म्हणायचे तो झोपेतही बोलतो, असं त्याची बायकोच सांगे.

तिघेही आता घरी बसलेले. दुपारची जेवणं आटोपली की ते रबरवाल्याच्या दुकानापुढे जमत. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचं हे दुकान त्याच्या बापाच्या वेळेपासूनचं. भिंतीला टेकून कुठल्याशा मोडीत निघालेल्या ट्रकची लांब सीट ठेवलेली होती, तिच्यावर तिघांच्या जागा ठरलेल्या. ड्रायव्हरच्या बाजूला आबा, मध्ये पैलवान, खिडकीला मुका. खिडकी अर्थातच नव्हती, पण मुका कोपर बाहेर काढल्यासारखं ठेवूनच बसे.

आबा क्लीनर म्हणून पहिल्यांदा गाडीवर चढले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यांचे उस्ताद तोंडाने फार तिखट. पहिल्याच खेपेला आबा दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागले, तशी उस्तादांनी डोक्यात टपली मारली. “पाट्या काय वाचतोस रे पोपटा? पाट्या रोज बदलतात. कारखाने बघ. कारखाना काय पळून जातोय?”

आबांनी ते मनावर घेतलं. साबणाच्या कारखान्याचा उग्र वास, लाकडाच्या वखारीतल्या ओल्या भुशाचा वास, तेलाच्या गिरणीची काळी चिमणी, बर्फाच्या कारखान्यापुढचा बारमाही ओला रस्ता, असं सगळं गाव त्यांच्या डोक्यात बसलं. त्यात गल्लीचं नाव नव्हतं की घराचा नंबर नव्हता. माल कुठे भरायचा आणि कुठे उतरवायचा, तोच पत्ता. पुढे मालक नवा ड्रायव्हर ठेवला की त्याला आधी आबांकडे पाठवी. आबा डोळे मिटत, हातात नसलेलं स्टिअरिंग फिरवत आणि रस्ता सांगत. त्यांनी सांगितलेल्या रस्त्याने जाऊन कोणी भलतीकडे पोचला, असं कधी झालं नाही. बायकोलाही त्यांनी लग्नानंतर बाजार असाच शिकवला होता. ती म्हणायची, “भाजी आणायला पाठवतात की दहा टन माल?”

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, लायसन वाढवून मिळालं नाही, आणि गाडी सुटली. घर रबरवाल्याच्या मागच्या अंगाला होतं. दारातून निघायचं, एक बोळ ओलांडायचा, की सीट. पैलवानाची आणि मुक्याची घरंही त्याच बोळाला लागून. हमरस्त्याच्या बाजूने यायचं काही कारणच उरलं नव्हतं. कुठे जायचं झालंच तर मुलगा दारात रिक्षा आणी, आणि रिक्षात बसल्याबरोबर आबा डोळे गच्च मिटून घेत. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीची त्यांना भीती वाटे.

कारखाने बंद पडले हे तिघांनाही ठाऊक होतं. साबणवाल्याच्या मुलांची भांडणं, बर्फवाल्याच्या पोराचं परदेशी जाणं, या सगळ्याचा चघळून चघळून चोथा झाला होता. पण बंद पडणं वेगळं. बंद पडलेली गाडीसुद्धा रस्त्याच्या कडेला दिसतेच की.

त्या दिवशी रबरवाल्याची आठवड्याची सुट्टी होती. शटर खाली, गल्लीतली गोदामंही बंद, चिटपाखरू नाही. मुक्याने घरून थर्मासमध्ये चहा आणला होता. गोष्ट निघाली ती वजनकाट्यावरच्या कारकुनाची. तोंड एका बाजूला वाकडं करून बोलायची त्याची खोड होती, आणि त्याची नक्कल करावी ती पैलवानानेच.

“कर की रे एकदा,” मुका म्हणाला. “किती दिवसांत ऐकला नाही काटेवाला.”

“चहा तरी पिऊ दे.”

“चहा पळून जातोय का? कर.”

पैलवानाने ग्लास हातात तसाच धरला, मान ताठ केली आणि तोंड वाकडं केलं. “उतरा, ड्रायव्हरसाहेब, खाली उतरा! मालाचं वजन करायचंय, तुमचं नाही! पैलवान, तू बस. तू बसलास काय नि उतरलास काय, काटा हलत नाही!”

मुका मांडीवर थापा मारत हसला. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पैलवान पुढे काहीतरी बोलला ते नीट कळलं नाही, पण काटेवाला असाच तोंडातल्या तोंडात बोलायचा, म्हणून दोघे आणखीच हसले. मग ग्लास पैलवानाच्या हातातून सुटला. चहा त्याच्या मांडीवर सांडला.

“अरे बस झालं आता,” आबा हसत हसतच म्हणाले. “पाय भाजेल.”

पैलवानाने पाय हलवला नाही. वाफाळता चहा धोतरातून झिरपत होता आणि तो आबांकडे बघत होता, तोंड तसंच वाकडं ठेवून.

आबांचं हसू तोंडावरच थिजलं. आपण कशाला हसलो, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. मुक्याला कळायला आणखी थोडा वेळ लागला. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि, त्याच्या बायकोने पाहिलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता, त्यातून शब्द फुटेना.

“पकड त्याला. पडू देऊ नकोस,” आबा म्हणाले आणि बटणांचा फोन काढला. रुग्णवाहिकेचा नंबर मुलाने फोनच्या पाठीला चिकटवून दिला होता. फोनवरच्या बाईंनी काय झालं ते विचारून घेतलं, आणि लगेच गाडीवरच्या ड्रायव्हरलाच जोडून दिलं. त्याचा आवाज कोवळा होता.

“काका, निघालोय मी. पत्ता सांगा.”

पत्ता सांगायचा म्हटल्यावर आबांचा आवाज थरथरायचा थांबला. हे काम त्यांचं होतं. “हमरस्त्याने सरळ ये. बर्फाच्या कारखान्याला डावी मार. लाकडाच्या वखारीला वळसा घाल, चिमणी समोर दिसेल. चिमणी उजव्या हाताला ठेव आणि आत घुस. रबरवाल्यापुढे आम्ही आहोत.”

“कुठला कारखाना?”

“बर्फाचा. नवा दिसतोस. रस्ता ओला असतो बघ पुढचा.”

“काका, रस्त्याचं नाव काय?”

“नाव कशाला हवंय? बर्फाचा कारखाना कोणीही सांगेल. ये लवकर!”

भोंगा ऐकू आला. मुका पैलवानाला छातीशी धरून बसला होता. भोंगा जवळ आला, अगदी गोदामांच्या पलीकडे वाजला, आणि लांब गेला. आबा मान वर करून ऐकत राहिले. चुकला, गाढव चुकला. भोंगा परत आला आणि या वेळी दुसऱ्याच बाजूने लांब गेला. फोन वाजला. “काका, चिमणी दिसत नाही. इथे पूल आहे. पुलावर जायचं का पुलाखाली?”

“पूल? पूल कसला?”

आबा धावले. त्यांच्या वयाला धावणं म्हणतात तसं धावले. गल्लीतून, गोदामांच्या मधून, हमरस्त्याच्या दिशेने. वखारीशी वळायचं म्हणून ते डावीकडे वळले आणि समोर एका सरळ रेषेत गाड्याच गाड्या उभ्या. वखारीच्या जागी गाड्या लावायचं मैदान होतं. भुशाचा वास नव्हता. ते तसेच पुढे गेले आणि हमरस्त्यावर आले, आणि उभेच राहिले.

चिमणी नव्हती. जिथे बघावं तिथे ती नव्हती. डोक्यावरून एक पूल चालला होता, त्यावरून ट्रक जात होते, आणि आबांनी या रस्त्यावरून हजारदा गाडी नेली होती तरी आपण नेमके कुठे उभे आहोत, हे त्यांना सांगता आलं नसतं. बर्फाचा कारखाना समोरच असायला हवा होता. तिथे पिवळ्या रंगाची चार मजली इमारत होती. पुढचा रस्ता कोरडा ठणठणीत होता.

पुलाखालून रुग्णवाहिका हळूहळू येताना दिसली. आबांनी दोन्ही हात वर केले. ड्रायव्हर पोरसवदाच होता, घामाने निथळत होता. “बसा काका, दाखवा लवकर.”

आबा पुढे बसले. “सरळ. आता डावी मार.” गाडी डावीकडे वळली. पुढे लोखंडी फाटक, फाटकापलीकडे गाड्या धुवायची जागा. ही ती गल्ली नव्हती. आत्ता, या घटकेला, जिथून ते धावत बाहेर आले होते ती गल्ली त्यांना सापडत नव्हती.

“काका?”

“मागे घे,” आबा म्हणाले. आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा वाटला. “चुकलं. मागे घे.”

पोराने गाडी रिव्हर्स घेतली.

शेवटी मुक्याचा आवाज सापडला. वाचा परत आली होती ती ओरडण्यासाठीच, तो गल्लीच्या तोंडाशी येऊन, “इकडे! अरे इकडे!” असा ओरडत होता, आणि मागे सीटवर पैलवान एकटाच आडवा पडला होता.

डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. जिवावरचं टळलं, त्या म्हणाल्या. बोलणं सुधारेल. उजवा हात किती सुधारेल ते आत्ता सांगता येत नाही. पक्षाघातात जितकं लवकर आणाल तितकं बरं. त्यांनी हे कोणाला उद्देशून म्हटलं नव्हतं, पण आबांनी ते आपल्या नावाने घेतलं.

पैलवानाची मुलगी बाहेरच्या बाकावर होती. तिने आबांचे हात धरले. “आबाकाका, तुम्ही होतात म्हणून बाबा आहेत.”

“अगं, माझ्यामुळे...” आबांनी सुरुवात केली. ती ऐकत नव्हती, रडत होती. तिला रडायला कोणीतरी हवं होतं, म्हणून आबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

घरी बायकोला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती, तिचा हात थांबला.

“बर्फाचा कारखाना? अहो, तो पाडून किती वर्षं झाली!”

“तिथे एक पिवळी इमारत आहे.”

“शाळा आहे ती.” तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “आपली नात जाते ना, तीच शाळा. गॅदरिंगला गेलो होतो की आपण. तुम्ही दोन तास खुर्चीवर बसला होतात तिथे.”

आबांना गॅदरिंग आठवलं. नात फुलपाखरू झाली होती. रिक्षाने गेले होते, रिक्षाने आले होते. ज्या जागेवर त्यांनी वर्षानुवर्षं भुशात गुंडाळलेल्या लाद्या भरल्या, बोटं बधिर होईस्तोवर भरल्या, त्याच जागेवर ते टाळ्या वाजवत बसले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. ते भिंतीला टेकले.

“मला सांगायचं नाही का कुणी?”

“आता तुम्हाला काय काय सांगायचं?” ती म्हणाली. नेहमीची टोचणी आवाजात आणायला गेली, पण ती काही आली नाही. तिने डाळीचं ताट बाजूला सारलं आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

पुढच्या आठवड्यात पैलवानाला भेटायची परवानगी मिळाली. मुका आधीच येऊन, बोलून, नर्सचा ओरडा खाऊन गेला होता. पैलवान उशीला टेकून बसला होता. उजवा हात चादरीवर ठेवलेला, जणू तिथे कुणीतरी विसरून गेलं असावं असा. शब्द जड येत होते, पण येत होते.

आबा घरून ठरवूनच निघाले होते. खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. “गाडीला उशीर झाला तो माझ्यामुळे. मी रस्ता चुकीचा सांगितला.”

पैलवानाने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. रिव्हर्सने रस्ता चुकीचा सांगितला, हे त्याला आपल्या हातापेक्षाही अवघड वाटलं असावं. “काय... सांगितलास?”

“बर्फाच्या कारखान्याला डावी. वखारीला वळसा. चिमणी उजव्या हाताला ठेवून आत.”

पैलवानाने डोळे मिटले. डावा हात चादरीवरून थोडा उचलून तो हळूहळू फिरवत गेला. डावी, वळसा, उजवी. सगळा रस्ता संपवून पैलवानाने डोळे उघडले.

“बरोबर आहे की,” तो म्हणाला. मग जरा विचार करून, “पण लांबचा. साबणाच्या... कारखान्यामागून आणायची. जवळ पडतं.”

आबा खुर्चीवर बसले. मुक्याला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं. तिघांपैकी कोणीही फोन उचलला असता तरी गाडी पुलाखालीच फिरत राहिली असती. त्यांना यात सुटल्यासारखं वाटायला हवं होतं; पण वाटलं ते एवढंच की आता हे याला सांगायचं कसं, आणि आपल्यावाचून ते सांगणार कोण.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पैलवानाचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

“साबणाचा कारखाना नाही रे तिथे,” ते म्हणाले. “काल जाऊन बघून आलो. भिंतसुद्धा नाही.”

पैलवानाचं तोंड उघडलं. बराच वेळ तो आबांच्या तोंडाकडे बघत होता, कोणी थट्टा करतंय का ते ताडून पाहावं तसा. मग अगदी हळू आवाजात, घरातल्या माणसाबद्दल विचारावं तसं, त्याने विचारलं,

“कधी गेला?”

“मला नाही माहीत,” आबा म्हणाले. “मलाही कालच कळलं.”